खडकाखालचे नगर

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, लागोसपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, ओगुन नदीच्या काठी अबेओकुटा हे नगर वसले आहे. योरुबा भाषेत ‘अबे’ म्हणजे खाली आणि ‘ओकुटा’ म्हणजे दगड. खडकाच्या खाली; यापलीकडे या नावात काही नाही. राजाचे नाव नाही, दैवताचे नाही, एखाद्या विजयाचेही नाही. योरुबांची पुरातन नगरे आपली कथा फार उंचावरून सांगू लागतात. इले-इफेची परंपरा तर आकाशातून साखळीने उतरलेल्या पूर्वजापर्यंत पोहोचते, आणि इतर राजघराणी आपला वंश त्या इफेशी जोडण्यात भूषण मानतात. अबेओकुटाची कथा १८३० साली सुरू होते आणि ती जीव वाचवून पळालेल्या माणसांची आहे. दोनशे वर्षेही पुरी न झालेल्या या वसतीला योरुबांच्या इतिहासात जे स्थान मिळाले, ते कोणत्याही राजवंशाने दिलेले नाही. ते बाहेरून आलेल्यांनी दिले. आणि या नगराच्या बाबतीत बाहेरून आले नाही असे कोणीच नव्हते.

आज येथे येणारा प्रवासी बहुधा २०२१ साली सुरू झालेल्या लागोस-इबादान लोहमार्गाने येतो आणि ज्या स्थानकावर उतरतो त्याला वोले शोयिंका यांचे नाव दिलेले आहे. लेखकाचे नाव मिरविणारी रेल्वेस्थानके जगात फारशी नाहीत. तेथून तो ओलुमो खडकाकडे जातो. समुद्रसपाटीपासून १३७ मीटर उंचीचा हा ग्रॅनाइटचा राखी डोंगर चढण्यासाठी दगडात कोरलेल्या पायऱ्या आहेत. २००६ मध्ये झालेल्या नूतनीकरणात उद्वाहकही बसविला गेला. वाटाड्या कपारी दाखवितो, त्यांत आसऱ्याला राहिलेल्या कुटुंबांच्या जागा दाखवितो, धान्य आणि मिरची वाटून वाटून खडकाला पडलेले खळगे दाखवितो. माथ्यावरून गंजलेल्या पत्र्यांची तांबूस छपरे दूरवर पसरलेली दिसतात. मधूनच चर्चचा मनोरा, मशिदीचा घुमट, आणि पलीकडे नदीची रेघ. देखावा नेत्रसुखद आहे यात शंका नाही. मात्र या नगराचा इतिहास वाचण्याची जागा माथ्यावर नाही, खाली वस्त्यांच्या नावांत आहे. ती नावे कोठून आली हे कळल्यावाचून माथ्यावरचे दृश्य केवळ छपरांचे राहते.

एग्बा हा योरुबांचा एक समूह. त्यांची गावे पूर्वी आजच्या अबेओकुटापासून इबादानपर्यंतच्या अरण्यप्रदेशात विखुरलेली होती. परंपरा त्यांची संख्या दीडशेच्या घरात सांगते. ओयोच्या बलाढ्य साम्राज्याला ती खंडणी देत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिसाबी नावाच्या नेत्याने ते जोखड झुगारून दिले. शेतीत परस्परांना हात देणारी मंडळे उभारून त्याने त्यांतूनच बंडाची फळी बांधली, अशी कथा एग्बा अभिमानाने सांगतात. आमच्याकडील इर्जिकीची आठवण व्हावी अशीच ती प्रथा होती. पुढे ओयोचे साम्राज्य आतून पोखरले गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ओवू या नगराशी इफे आणि इजेबू यांचे युद्ध पेटले. ओवू जमीनदोस्त झाले, आणि विजयी सैन्ये, त्यांत मिसळलेल्या ओयोच्या निर्वासितांसह, एग्बांच्या गावांवर घसरली. एकामागून एक गाव जळाले. काही गावे शेजारच्या गावाच्या पाडावात हातभार लावून नंतर स्वतः बळी पडली, हेही नमूद केले पाहिजे. कारण एग्बांच्या लोकप्रिय इतिहासांत हा भाग सहसा पुसट असतो. उरलेले लोक इबादानच्या लष्करी तळावर आश्रिताचे जिणे जगू लागले. ते असह्य झाल्यावर १८३० मध्ये सोडेके या सरदाराच्या नेतृत्वाखाली ते पश्चिमेकडे निघाले आणि ओलुमोच्या पायथ्याशी थांबले.

येथे त्यांनी जे केले त्यातच या नगराचे वैशिष्ट्य आहे. एक नवे गाव वसविण्याऐवजी त्यांनी सगळी जुनी गावे पुन्हा मांडली. आके, इटोकू, इजेउन, केम्टा, इकिजा, इग्बेन: प्रत्येक गावाच्या लोकांनी आपापली वस्ती वेगळी ठेवली, तिला जळून गेलेल्या गावाचे नाव दिले, आपला प्रमुख वेगळा ठेवला आणि आपल्या ज्येष्ठांच्या ‘ओग्बोनी’ मंडळाचे सभागृहही वेगळे ठेवले. १८३४ च्या सुमारास ओवूचे लोकही आले. ज्या नगराच्या नाशातून एग्बांच्या नाशाला तोंड फुटले होते, त्याचे वंशज त्याच तटाच्या आत सामावले गेले. युरोपीय पाहुण्यांना या कारभाराचा नेहमी त्रास होई. करार कोणाशी करावा, निर्णय कोणाचा मानावा, हे त्यांना उमगत नसे. आणि त्यांनी त्याला अराजक म्हटले. सर्व एग्बांचा प्रमुख म्हणून ‘अलाके’ हे पद पुन्हा भरले गेले तेही १८५४ मध्ये, नगर वसल्यानंतर चोवीस वर्षांनी. ज्यांनी इतके गमावले होते त्यांना आणखी गावांची नावे एका राजाच्या नावात विरघळू द्यावयाची नव्हती, हे पाहुण्यांच्या लक्षात आले नाही.

पहिले पाहुणे म्हणून इतिहासग्रंथ दोन धर्मोपदेशकांची नावे देतात: १८४२ च्या डिसेंबरात आलेला टॉमस बर्च फ्रीमन आणि त्यानंतर काही दिवसांनी, १८४३ च्या आरंभी आलेला हेन्री टाउनसेंड. सोडेकेने दोघांचेही स्वागत केले. परंतु त्यांना वाट दाखविणारे त्यांच्या आधीच आलेले होते. १८०७ नंतर ब्रिटिश आरमार अटलांटिकवर गुलामांची जहाजे पकडू लागले आणि सुटका झालेल्या माणसांना सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे उतरवू लागले. त्यांत योरुबा मोठ्या संख्येने होते. तेथे ते इंग्रजी शिकले, ख्रिस्ती झाले, सुतारकाम, शिवणकाम, व्यापार करू लागले. १८३९ पासून त्यांतील काहींनी पैसे जमवून जहाज घेतले आणि ते परत निघाले. किनाऱ्यावरील बादाग्रीहून पायी चालत ते ज्या प्रदेशात पोहोचले तेथे त्यांची गावे उरली नव्हती. पण गावांची नावे एका खडकाखाली गोळा झालेली होती. या परतलेल्यांना ‘सारो’ म्हणत. युरोपीय पोशाखातला एखादा सारो एखाद्या वस्तीत जाऊन आपल्या बापाचे नाव सांगे आणि कोणीतरी म्हातारी त्याला ओळखी, असे प्रसंग त्या काळच्या मिशनच्या कागदपत्रांत पुनःपुन्हा येतात.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग सॅम्युएल अजायी क्राउथरचा. ओसोगुन नावाच्या गावावर १८२१ मध्ये धाड पडली तेव्हा अजायी किशोरवयात होता. आई आणि भावंडांसह तो पकडला गेला, त्यांच्यापासून तुटला, हातोहात विकला जात किनाऱ्यावर आला आणि पोर्तुगीज जहाजावर चढविला गेला. १८२२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश आरमाराने ते जहाज पकडले. फ्रीटाउनला तो शिकला, फुरा बे महाविद्यालयाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत गणला गेला, १८४१ च्या नायजर मोहिमेत सामील झाला, १८४३ मध्ये लंडनला त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८४६ च्या ऑगस्टमध्ये तो चर्च मिशनरी सोसायटीचा उपदेशक म्हणून अबेओकुटात आला. ओसोगुन एग्बांचे गाव नव्हते, तेव्हा तो येथे उपराच होता. पण वाताहत झालेल्या सगळ्यांचे पाय याच दिशेला वळले होते. आणि त्याची आई अफाला आसपासच्याच एका गावात राहात होती. २१ ऑगस्ट १८४६ रोजी मायलेकरांची भेट झाली. मध्ये सुमारे पंचवीस वर्षे गेली होती. क्राउथरने आपल्या रोजनिशीत ही भेट नोंदविली आहे. व्हिक्टोरियन धर्मप्रचारकी गद्याला अशा प्रसंगी पाझर फुटावयास वेळ लागत नाही, आणि क्राउथर त्या गद्यातच वाढलेला होता. तरी या नोंदीत दोघांच्या निःशब्द होण्यापलीकडे तो फारसे काही सांगत नाही, आणि तीच तिची ताकद आहे. १८४८ मध्ये आईचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हॅना हे नाव मिळाले. बायबलमधील सॅम्युएलच्या आईचे ते नाव आहे. येथे आईचे नाव मुलाच्या नावावरून ठरले.

साहित्याच्या अभ्यासकाला क्राउथरचे महत्त्व दुसऱ्या कारणासाठी आहे. १८४३ मध्ये त्याचा योरुबा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. बायबलच्या भाषांतराचे काम त्याच्या देखरेखीखाली दशकानुदशके चालले आणि १८८४ मध्ये पूर्ण झाले. ‘योरुबा’ ही संज्ञाच तोवर सर्वमान्य नव्हती. हौसा लोक ती ओयोच्या रहिवाशांना लावीत. एग्बा स्वतःला एग्बा म्हणत, इजेबू इजेबू. फ्रीटाउनमध्ये वेगवेगळ्या गावांची माणसे एकत्र राहू लागली, एकमेकांचे बोलणे समजते असे त्यांना दिसले, आणि त्या बोलण्याला एक नाव असावे ही गरज प्रथम तेथे, म्हणजे मायभूमीपासून समुद्रमार्गे शेकडो कोस दूर, जाणवली. परतणाऱ्यांनी ते नाव सोबत आणले. ही भाषा रोमन लिपीत बसविणे सोपे नव्हते. तीत स्वराच्या आघाताची उंची बदलली की अर्थ बदलतो: ‘ओको’ या एकाच उच्चारसमूहाचा अर्थ सूर चढता-उतरता ठेवून नवरा, कुदळ किंवा वाहन असा होऊ शकतो. बाहेरच्या माणसाच्या कानाला हा भेद कष्टाने कळतो. क्राउथर मात्र ती भाषा आईच्या तोंडून शिकलेला होता, आणि विद्वान म्हणून तिच्याकडे परतला होता. त्याने शब्दांबरोबर म्हणी टिपल्या, ज्येष्ठांच्या सभांतील बोलणे कान देऊन ऐकले. भाषांतरातल्या योरुबेला जो भारदस्तपणा आला तो तेथून आला, असे मानावयास हरकत नाही.

३ डिसेंबर १८५९ रोजी टाउनसेंडने अबेओकुटातून ‘ईवे इरोहिन’ हे पाक्षिक काढले. आफ्रिकी भाषेतील अगदी आरंभीच्या वृत्तपत्रांत त्याची गणना होते. किंमत १२० कवड्या. लवकरच त्यात इंग्रजी मजकूरही येऊ लागला. कोण आले, कोण गेले, कोण मेले, तेलाचा आणि कापसाचा भाव काय, कोठे लढाई चालली आहे, असा मजकूर त्यात असे. वाचू शकणारे थोडे होते. पण ज्या नगरात प्रत्येक घराला कोणाच्या तरी बातमीची वाट होती तेथे ‘कोण आले’ हे सदर किरकोळ म्हणता येत नाही.

याच १८५९ साली आणखी वेगळे प्रवासी येऊन पोहोचले. मार्टिन डेलनी हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत आणि रॉबर्ट कॅम्पबेल हा जमैकात जन्मलेला, फिलाडेल्फियातील शिक्षक. अमेरिकेतील गुलामी संपण्याची चिन्हे दिसत नव्हती. तेव्हा आफ्रिकी वंशाच्या लोकांनी पूर्वजांच्या भूमीत परत वसावे, अशी त्यांची योजना होती. २७ डिसेंबर १८५९ रोजी अलाके आणि प्रमुखांशी त्यांचा करार झाला. पडीक जमिनीवर वसण्याचा अधिकार त्यात दिलेला होता. पुढे प्रमुखांनी तो नाकारला. टाउनसेंडचा विरोध हे त्याचे एक कारण. दुसरे असे की तेथील जमीन राजाने द्यावी अशी नव्हतीच, ती कुळांची होती. कॅम्पबेलने आपल्या प्रवासवर्णनाच्या शीर्षकात या भूमीला मातृभूमी म्हटले आहे. सारोंना निदान सांगण्यासाठी बापाचे नाव होते. कॅम्पबेलपाशी ते नव्हते. त्याच्या पुस्तकात शेती, बाजार, घरबांधणी यांचे वर्णन सविस्तर आणि प्रसन्न आहे. ज्याला येथे राहावयाचे आहे असा माणूस पाहतो तसे ते पाहणे आहे. तो खरोखरच परत आला, लागोसला स्थायिक झाला आणि १८६३ मध्ये त्याने तेथे एक वृत्तपत्रही काढले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६१ च्या अखेरीस, आला रिचर्ड बर्टन. हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. मुंबईच्या फौजेत त्याची उमेदवारी झाली, मराठीची परीक्षाही तो उत्तीर्ण झाला, आणि १८५१ मध्ये गोव्यावरचे त्याचे पुस्तक निघाले. अबेओकुटा आणि कॅमेरून पर्वत यांवरील त्याचे दोन खंड १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. माहितीच्या दृष्टीने ते मोलाचे आहेत. बर्टनची नजर तीक्ष्ण आणि जिज्ञासा अफाट होती. परंतु गोव्यातील ख्रिस्ती समाजाविषयी, दोन संस्कृतींच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाविषयी जो तुच्छभाव त्याच्या पहिल्या पुस्तकात आढळतो, तोच येथे सारोंच्या वाट्याला आला. कोट घातलेला, इंग्रजी बोलणारा आफ्रिकी माणूस त्याला सहन होत नसे. अस्सल तेवढेच पाहण्यासारखे, मिश्र ते भ्रष्ट, हा त्याचा सिद्धान्त. अबेओकुटासारख्या नगरात हा सिद्धान्त घेऊन आलेल्या प्रवाशाला नगर दिसणार कसे? येथे अस्सल म्हणावे असे काही जळण्यातून वाचले नव्हते. जे होते ते जोडून, सांधून उभे केलेले होते.

अर्थात या नगराला पुण्यभूमी ठरविण्याचेही कारण नाही. मिशनच्या प्रकाशनांनी ते पाप केले. त्यांनी अबेओकुटाला उगवत्या सूर्याची उपमा दिली. गुलामीतून सुटलेल्यांच्या या नगरात गुलाम होते, शेतावर राबत होते, वल्ही मारीत होते, विकलेही जात होते. एफुनरोये टिनुबू ही कर्तबगार व्यापारी स्त्री १८५६ मध्ये लागोसमधून हद्दपार होऊन येथे आली. तिच्या व्यापारात माणसेही होती. शेजारच्या दाहोमे राज्याने १८५१ च्या आणि पुन्हा १८६४ च्या मार्चमध्ये अबेओकुटावर स्वारी केली. त्या फौजेत स्त्रियांच्या प्रसिद्ध पलटणी होत्या. दोन्ही वेळा तटावर ती परतविली गेली. बचावात दारूगोळा पुरविल्याबद्दल टिनुबूचा गौरव होऊन तिला ‘इयालोडे’, म्हणजे स्त्रियांची प्रमुख, हे पद मिळाले. दाहोमेची स्वारी माणसे पकडून नेण्यासाठी होती; नगराचा बचाव करणाऱ्यांत माणसे विकणारी स्त्री होती. एग्बांच्या आजच्या सन्मानगाथेत पहिले वाक्य ठळक आहे आणि दुसरे गळालेले.

१८६१ मध्ये ब्रिटिशांनी लागोस गिळंकृत केल्यावर एग्बांचा गोऱ्यांवरील विश्वास उडत गेला. व्यापारी मार्ग, जकात, इबादानशी चाललेले युद्ध, सगळ्यांत इंग्रजांचा हात दिसू लागला. जॉर्ज विल्यम जॉन्सन या सारो शिंप्याने १८६५ मध्ये नव्या पद्धतीचे कार्यालयीन शासन उभारण्याचा प्रयत्न केला. परतलेल्यांची विद्या आता परतवून लावण्याच्या कामी येत होती. १८६७ च्या ऑक्टोबरात चर्चे फोडली गेली, युरोपीय मिशनऱ्यांना नगर सोडावे लागले आणि ‘ईवे इरोहिन’ बंद पडले. १८९३ च्या कराराने ब्रिटिशांनी एग्बांचे स्वातंत्र्य मान्य केले, १९१४ मध्ये इजेमो येथील गोळीबारानंतर ते काढून घेतले. क्राउथरचा शेवटही याच सुमाराचा. १८६४ मध्ये तो बिशप झाला होता; अखेरच्या वर्षांत तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्याचे अधिकार हिरावले, आणि ३१ डिसेंबर १८९१ रोजी तो लागोसला मरण पावला.

याच चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथेही आफ्रिकेतील मुक्त गुलामांची वसाहत चालविली होती. पूर्व किनाऱ्यावर पकडलेल्या अरबी गलबतांतून सुटलेली मुले तेथे शिकली. लिव्हिंग्स्टनचे पार्थिव इंग्लंडपर्यंत पोहोचविणारा जेकब वेनराइट त्यांतलाच. त्यांपैकी अनेक पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला गेले. फ्रीटाउन आणि शरणपूर यांची तुलना अद्याप कोणी नीट केलेली दिसत नाही. एक भेद तरी चटकन लक्षात येतो: शरणपूरच्या मुलांना परतावयास एखादा ओलुमो नव्हता, जेथे सगळी हरवलेली गावे नावानिशी एकत्र सापडावीत.

विसाव्या शतकातील अबेओकुटा जगाला ठाऊक झाले ते तीन लेखन-कर्तृत्वांमुळे. अमोस टुटुओला १९२० मध्ये येथे जन्मला. १९५२ मध्ये लंडनहून निघालेल्या त्याच्या कादंबरीत ताडीबाज नायक आपल्या मृत ताडीवाल्याला शोधत मृतांच्या नगरापर्यंत जातो. साबुरी बियोबाकू या येथल्याच इतिहासकाराने १९५७ मध्ये एग्बांचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास लिहिला. आणि १९३४ मध्ये जन्मलेल्या शोयिंका यांनी १९८१ च्या ‘आके’ या बालपणाच्या आठवणींत मिशनच्या आवाराच्या भिंतीवरून नगर पाहिले. हे पुस्तक आवारातून बाहेर पडत पडत बाजारापर्यंत येते आणि १९४७ च्या सुमाराच्या स्त्रियांच्या उठावाशी थांबते. फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली बाजारकरणी कराविरुद्ध अलाकेच्या वाड्यापुढे ठाण मांडून बसल्या. अलाके दुसरा आडेमोला याला १९४९ च्या आरंभी पदत्याग करावा लागला. वर्षा-दोन वर्षांत तो परत गादीवर आला खरा, पण स्त्रियांवरील कर गेला. या उठावात बसलेल्या बायकांपैकी पुष्कळ जणी निळीच्या रंगाचे ‘आदिरे’ कापड रंगविणाऱ्या आणि विकणाऱ्या होत्या. इटोकूच्या बाजारात ते कापड आजही मिळते, आणि प्रवासी ते हमखास विकत घेतो.

बाजाराचे इटोकू हे नाव त्या जळालेल्या गावांपैकी एकाचे. नगरात एग्बांचे आजही चार राजे आहेत: आकेचा अलाके, ओके-ओनाचा ओसिले, ग्बागुराचा अगुरा आणि ओवूचा ओलोवू. शांतता झाल्यावर शेतीसाठी काही कुटुंबे जुन्या जागी परतली. त्या जागांच्या नावांमागे ‘ओरिले’, म्हणजे मूळ ठिकाण, हा शब्द लागतो. त्यामुळे या प्रदेशाच्या नकाशावर इलुगुन दोनदा सापडते: एकदा खडकाच्या आसऱ्याने वसलेल्या नगरात, आणि एकदा ईशान्येच्या शेतांमधून, ओरिले-इलुगुन म्हणून.